शाळेचं सभागृह: आधी खोली, मग स्पीकर, मग दिवे

गावात शाळेचं सभागृह उभं राहतं तेव्हा खर्चाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी बांधकाम, मग रंग, मग खुर्च्या आणि उरलेल्या पैशांत साउंडवाला आणि लाइटवाला. उद्घाटनाला पाहुणे बोलायला उभे राहतात. आवाज भरपूर मोठा येतो, पण मागच्या निम्म्या हॉलला एक वाक्य धड कळत नाही. मग आणखी मोठे स्पीकर येतात आणि हॉल आणखी घुमतो.

पहिल्यांदाच या कामात पडलेल्यांसाठी हा लेख आहे: संस्थेचे विश्वस्त, मुख्याध्यापक, बांधकाम समितीत नाव आलेले शिक्षक, पहिलंच सभागृह करणारे तरुण आर्किटेक्ट. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शब्द स्पष्ट कळणं हे भिंती, छत आणि शांतता यांच्यावर ठरतं. तिथे कमी पडलेलं कुठल्याही स्पीकरने भरून निघत नाही. म्हणून पैसा त्याच क्रमाने लावा.

पाऊल १: शाळेचं वर्ष समोर ठेवा

नकाशा काढण्याआधी या हॉलमध्ये वर्षभर काय काय होणार, ते लिहून काढा. पावसाळ्यात परिपाठ, शिक्षक दिन, वक्तृत्व आणि कथाकथन स्पर्धा, पालकसभा, दहावीचा निरोप समारंभ, बालनाट्याच्या तालमी आणि डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन. यातले बहुतेक कार्यक्रम बोलण्याचे आहेत आणि बोलणारी मुलं आहेत. पाचवीतल्या मुलीचा आवाज मोठ्या माणसाइतका लांब जात नाही. त्यामुळे हॉल बोलण्यासाठी जुळवा. त्यात समूहगीत आणि लेझीम निभावून जातात. गाण्यासाठी घुमणारा ठेवलेला हॉल मात्र भाषणाला नडतो.

पाऊल २: शांतता

शाळा भरलेली असताना, मधल्या सुट्टीत, पंखे चालू ठेवून रिकाम्या हॉलमध्ये उभे राहा आणि मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप लावा. मोबाइलचा आकडा तंतोतंत नसतो, पण आधीचं आणि नंतरचं ताडून पाहायला पुरतो. ३५ डेसिबलच्या आसपास आणण्याचं ध्येय ठेवा. ४५ च्या पुढे गेलं की माईकशिवाय मुलाचं बोलणं मागे पोचणं अवघड होतं.

जागा अजून ठरायची असेल तर हॉल रस्त्यापासून आणि मैदानापासून लांब घ्या, मध्ये जिना, भांडारघर, स्वच्छतागृह असं काहीतरी येऊ द्या. जनरेटर हॉलच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. खिडक्या लागणारच, कारण हवा लागते, पण त्या शांत बाजूला घ्या. दरवाजे भरीव लाकडाचे, चौकटीला रबरी पट्टी आणि खाली फट नाही. दाराखालची बोटभर फट राहिली तर जाड दरवाजाचा निम्मा फायदा तिथूनच निघून जातो. पंखे कमी वेगाचे आणि मोठ्या पात्यांचे घ्या; वेग वाढला की खरखर वाढते.

पत्र्याच्या छताबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण कोकणात आणि घाटमाथ्यावर हाच प्रश्न सगळ्यांत मोठा असतो. सर कोसळली की पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. पत्र्याच्या खाली थेट थर्माकोलच्या शीट लावल्याने काहीही होत नाही, कारण त्या हलक्या असतात. आवाज अडवायला वजन लागतं. पत्र्याखाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), मग मोकळी जागा आणि त्याखाली सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम बोर्डचे दोन थर असं जड छत लागतं. कैचीवर तेवढा भार चालेल का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. स्लॅबचं छत परवडत असेल तर तेच घ्या.

पाऊल ३: आकार

शेवटची रांग रंगमंचाच्या कडेपासून २० मीटरच्या आत असावी. त्यापलीकडे चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही आणि मुलं कुजबुजायला लागतात. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं टाटा थिएटर एकदा पाहून या. ते १९८० साली सुरू झालं, वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. भारतीय संगीत माईकशिवाय ऐकू यावं, हा त्यामागचा विचार. हजाराच्या आसपास आसनं असूनही ती रंगमंचाभोवती पंख्यासारखी पसरली आहेत, त्यामुळे मागचा माणूसही कलाकाराच्या जवळ बसल्यासारखा असतो.

घुमट, गोल मागची भिंत आणि अर्धगोल पत्रा टाळा. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते आणि सज्जातली कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते. पर्यटकाला ते नवल वाटतं, पण तिथे निबंध वाचून दाखवता येणार नाही. आतून गोल असलेला पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो.

दोन समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतीही त्रास देतात. मध्ये उभं राहून टाळी वाजवली तर ‘टर्रर्र’ असा आवाज आला, म्हणजे आवाज दोन भिंतींमध्ये चेंडूसारखा उडतोय. एका बाजूच्या भिंतीवर थोडे तिरके पॅनल लावले की हे थांबतं.

उंची माणशी घनफळावरून ठरवा. बहुउद्देशीय हॉलला माणशी ४ ते ५ घनमीटर पुरेसं असतं. त्याहून फार वाढवलं तर घुमणं आवरायला तेवढाच जास्त खर्च येतो. सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठी आयएस २५२६ हे भारतीय मानक आहे आणि राष्ट्रीय इमारत संहितेतही याचा विभाग आहे. आर्किटेक्टने दोन्ही उघडून पाहिलेत का, हे विचारायला संकोच करू नका.

रंगमंचाची उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. पुढे सतरंजीवर मुलं बसणार असतील तर ७५ पुरे, नाहीतर त्यांना माना वर करून नुसते पाय दिसतात. दोन्ही बाजूंना किमान अडीच-तीन मीटरच्या विंगा हव्यात. नाचाचा पुढचा गट तिथे उभा राहतो, हे नकाशा काढणारे नेहमी विसरतात.

पाऊल ४: घुमणं मोजा आणि आवरा

सगळ्यांत जास्त वेळ या पावलाला द्या.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला एक काम दिलं. फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात शब्द कळत नव्हते, कारण बोललेलं साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन आणि त्याचे मदतनीस शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणत, ऑर्गनची नळी वाजवत, घड्याळ लावून आवाज विरायला लागणारा वेळ मोजत आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवत. त्यातून निघालेलं सूत्र आजही कामाला येतं: घुमण्याचा वेळ सेकंदांत = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. शोषण मोजायला त्याने उघड्या खिडकीचं माप घेतलं. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १ एकक, कारण तिथून गेलेला आवाज परत येत नाही. प्लास्टरची भिंत, कोटा फरशी, काँक्रीट यांचं शोषण चौरस मीटरला ०.०२ ते ०.०३ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळा आवाज परत.

आता नमुन्याचा हॉल घेऊ: रंगमंच धरून २४ मीटर लांब, १५ रुंद, ६ उंच, ४०० मुलांचा. घनफळ २१६० घनमीटर, त्याला ०.१६१ ने गुणलं की ३४८. फरशी, छत आणि भिंती मिळून ११८८ चौरस मीटर, सरासरी शोषण ०.०३ धरलं तर ३६ एककं. ३४८ भागिले ३६, म्हणजे रिकामा, नुसता प्लास्टर केलेला हॉल साडेनऊ सेकंदांहून जास्त घुमणार. मुलं बसली की प्रत्येकी ०.४ प्रमाणे १६० एककं वाढतात. एकूण १९६ झाली, वेळ पावणेदोन सेकंदांवर आला. बोलण्यासाठी आपल्याला १ सेकंद हवा, म्हणजे ३४८ एककं. कमी पडतात १५२. चुण्या घातलेले मखमली पडदे ६० चौरस मीटर असतील तर त्यातली सुमारे ३० मिळतात. उरलेल्या १२२ साठी, ०.८ शोषणाचे पॅनल लागतील जवळपास १५० चौरस मीटर.

हा आकडा हातात घेऊन बाजारात जा. ‘अकॉस्टिक करून देतो’ म्हणणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला विचारा: किती चौरस मीटर, कशाचं, किती जाड आणि त्याचा एनआरसी किती? एनआरसी म्हणजे त्या मालाची सरासरी शोषणक्षमता. ती चाचणी अहवालासह लेखी मागा.

पॅनलसाठी ५० मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं ग्लासवूल किंवा रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), भिंतीपासून ५० मिलिमीटर अंतर सोडून आणि वर हवा आरपार जाईल असं कापड. कापडातून फुंकर मारून पाहा. हाताला हवा लागली तर ते चालेल. रेक्झिन चढवलं तर शोषण बरंचसं गेलं. भिंतीवर पातळ कारपेट चिकटवणं तर टाळाच. ते फक्त वरचे स्वर खातं, ढोलाचा खर्ज तसाच घुमत राहतो आणि बोलणं बोळा कोंबल्यासारखं येतं. अंड्यांच्या ट्रेने खोली साधत नाही आणि आगीला आमंत्रण मिळतं.

आता ते १५० चौरस मीटर कुठे लावायचे? पहिला मान मागच्या भिंतीचा. रंगमंचाच्या कडेपासून ती १८ मीटरवर आहे, आवाज जाऊन-येऊन ३६ मीटर जातो, म्हणजे ०.१ सेकंदाहून थोडा जास्त वेळ. नववीच्या विज्ञानात मुलं शिकतात तो स्पष्ट प्रतिध्वनी बरोबर इथे तयार होतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच शब्द उशिरा ऐकू येऊन तो अडखळतो. दारं सोडून सगळी मागची भिंत पॅनलने भरा. मग छताचा मागचा भाग, मग बाजूच्या भिंतींचा मागचा वरचा पट्टा. हाताला लागेल तिथे पॅनल नको; मुलं टाचण्या टोचतात, कापड फाडतात. रंगमंचासमोरचं छत मात्र टणक ठेवा, शक्यतो किंचित तिरकं. तिथून परावर्तित होणारा आवाज मागच्या रांगांना फुकट मिळालेली मदत आहे. सगळं छत मऊ केलं तर हॉल घुमत नाही, पण मागे काही पोचतही नाही.

खुर्च्या गादीच्या घेता आल्या तर उत्तम, कारण रिकामी गादीची खुर्चीही आवाज शोषते आणि तालमीच्या वेळी हॉल फार बदलत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या असतील तर पॅनल थोडे वाढवा.

पाऊल ५: माईक आणि स्पीकर

खोली नीट झाली की इथला खर्च बराच कमी होतो. ४०० मुलांच्या हॉलला रंगमंचाच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन चांगले स्पीकर पुरतात. ते डोक्यांच्या वर टांगा आणि खाली शेवटच्या रांगांकडे वळवा, छताकडे किंवा बाजूच्या भिंतींकडे नको. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे स्पीकर जमिनीवर ठेवला तर पहिल्या रांगेचे कान दुखतात आणि मागे काही कळत नाही. हॉल २० मीटरहून लांब असेल किंवा वर सज्जा असेल तर मध्ये आणखी दोन लहान स्पीकर लावा, पण त्यांना डिले द्यावा लागतो, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो: मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. तो दिला नाही तर मागच्यांना एकच शब्द दोनदा येतो.

माईक नेहमी स्पीकरच्या मागे राहिला पाहिजे. तो पुढे आला की शिट्टी वाजते. सुरुवातीला हातात धरायचे, वायरचे चार डायनॅमिक माईक (दणकट, वेगळी वीज न लागणारे), दोन कॉर्डलेस आणि पोडियमचा एक घ्या. कॉर्डलेस माईक यूएचएफ या रेडिओपट्ट्यातले बघा, कारण २.४ गिगाहर्ट्झचे स्वस्त माईक शाळेच्या वायफायशी भांडतात. नाटकासाठी रंगमंचाच्या कडेला ठेवायचे तीन चपटे बाउंड्री माईक वरून टांगलेल्या माईकपेक्षा कितीतरी कामाचे. ते घुमणारा आवाज कमी आणि पात्रांचा जास्त घेतात. फळ्यांवर पावलं आपटली की तीही येतात, म्हणून खाली फोमचा पातळ तुकडा ठेवा.

मुलांना माईक धरायला शिकवा. हनुवटी आणि माईक यांत एक मूठ बसेल एवढं अंतर, जाळीवर बोटं नाहीत, टकटक नाही, फुंकर नाही. जाळी मुठीत पकडली की माईकचा स्वभाव बदलतो आणि शिट्टी सुरू होते. दहा मिनिटांच्या या शिकवणीने निम्मे प्रश्न सुटतात.

मिक्सर हॉलमध्ये, मागून एक-तृतीयांश अंतरावर, प्रेक्षकांतच ठेवा. काचेच्या केबिनमध्ये किंवा विंगेत बसलेल्या माणसाला हॉलमध्ये काय ऐकू येतंय ते कळत नाही. लॅपटॉपवरून गाणं लावताना मध्ये डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर जोडणारी छोटी डबी) वापरा, नाहीतर घरघर येते. ती घरघर थांबवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे कधीही करू देऊ नका. हातात धातूचा माईक धरलेल्या मुलाच्या जिवाशी तो खेळ आहे. सगळी साउंडची यंत्रं एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर आणि दिव्यांच्या फेजपासून वेगळी ठेवा. माईकच्या वायरी दिव्यांच्या वायरींपासून फूटभर लांबून न्या. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात.

ऐकायला कमी येणारं मूल जवळजवळ प्रत्येक शाळेत असतं. फरशीखाली हिअरिंग लूपची वायर टाकली तर टी-कॉइल (लूपचा संदेश पकडणारं वेटोळं) असलेल्या श्रवणयंत्रात माईकचा आवाज थेट पोचतो. फरशी बसवतानाच ती टाकणं स्वस्त पडतं. नंतर फरशी उखडायला कोणी तयार होत नाही.

पाऊल ६: दिवे

चेहरा दिसला पाहिजे, ही पहिली गरज. ट्यूबलाइट डोक्यावर असली की डोळ्यांखाली सावल्या पडतात. समोरून, साधारण ४५ अंशांतून पडणारा प्रकाश चेहऱ्याला बरा. आपल्या नमुन्याच्या हॉलचं गणित बघा: रंगमंच ०.९ मीटर, त्यावर मुलाचा चेहरा १.३ वर, म्हणजे जमिनीपासून २.२. दिव्यांचा पाइप ५.२ मीटरवर टांगला तर फरक ३ मीटर, म्हणून पाइप रंगमंचाच्या कडेच्या पुढे प्रेक्षकांच्या बाजूला ३ ते ४ मीटरवर हवा. त्यासाठी छतात हूक बांधकामाच्या वेळीच सोडा. रंगमंचाच्या आत लावलेल्या दिव्यांनी कडेला उभ्या मुलाचा चेहरा कधीच उजळत नाही.

रंगमंचाचे सहा चौकोन करा, पुढे तीन आणि मागे तीन. प्रत्येकाला डाव्या-उजव्या बाजूने एकेक दिवा, एक किंचित उबदार आणि एक किंचित थंड छटेचा. येल विद्यापीठातले स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३० च्या दशकात मांडलेली ही रीत शिकायला सोपी आहे. झाले बारा. सायक्लोरामाला, म्हणजे रंगमंचाच्या मागच्या सपाट पडद्याला, चार आणि पाठीमागून खांदे उजळायला चार असे वाढवत न्या. फिरणारे, नाचणारे दिवे लागले तर गॅदरिंगपुरते भाड्याने आणा.

जुना हॅलोजनचा ‘पार’ दिवा (डब्यासारखा स्टेजलाइट) हजार वॅटचा असतो, तसे बारा म्हणजे १२ किलोवॅट. एलईडीचे दीडशे वॅटचे बारा म्हणजे पावणेदोनच्या आसपास, शिवाय उष्णता कमी. पण स्वस्त लाल-हिरवा-निळा एलईडी चेहऱ्यासाठी घेऊ नका, माणसं आजारी दिसतात. चेहऱ्यासाठी उबदार पांढऱ्याचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९० च्या वरचा घ्या आणि तो मोबाइलच्या व्हिडिओत लुकलुकत नाही ना ते दुकानातच पाहा. रंगीत दिवे नाचाला ठेवा. तिथेही कपडे आधी लावून बघा, कारण निव्वळ निळ्या प्रकाशात लाल नऊवारी काळी दिसते.

दिवे डीएमएक्स५१२ या पद्धतीने, कंट्रोलरवरून वायरीने येणाऱ्या संदेशावर चालतात. त्याची वायर त्याच कामाची घ्या, माईकची नको, आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (वायरीचं टोक बंद करणारा प्लग) लावा. लुकलुकणं बहुतेक वेळा तिथेच संपतं. प्रत्येक टांगलेल्या दिव्याला क्लॅम्पशिवाय स्टीलची सेफ्टी केबल हवीच. खाली मुलं असतात.

पाऊल ७: आग

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेचा बक्षीस समारंभ चालू असताना मंडपाने पेट घेतला. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यांत मुलं कितीतरी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभं राहिलेली वास्तू, एका रात्रीत जळली. सभागृहात पेटणारं पुष्कळ असतं: पडदे, लाकूड, कापड, वायरी.

म्हणून पडद्यांना अग्निरोधक प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि धुतल्यावर ती प्रक्रिया पुन्हा करा. फोम आणि थर्माकोल भिंतीवर नको. किमान दोन दारं वेगवेगळ्या दिशांना, बाहेर उघडणारी, कार्यक्रम चालू असताना कुलूप न लावलेली. गर्दी वाढली म्हणून वाटेत जादा खुर्च्या टाकू नका, पाहुणे कितीही मोठे असोत. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), डिमरजवळ (दिवे मंद करणारं यंत्र) कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक, पायऱ्यांना बॅटरीवरचे लहान दिवे. प्रेक्षागृह पूर्ण काळोखं करू नका. लहान मुलं घाबरतात आणि धावतात.

पाऊल ८: ताबा घेण्याआधी चाचणी

ठेकेदाराचं शेवटचं बिल या चाचणीनंतरच द्या. मुलं हॉलभर बसवा, कोपऱ्यांत आणि शेवटच्या रांगेत नक्की. शिक्षकांनी रंगमंचावरून, माईक न लावता, नेहमीच्या आवाजात २५ शब्द वाचायचे: पार, फार, बार, भार, काल, खाल, गाल, टोक, ठोक असे, क्रम मोडून. मुलांनी ऐकलं ते लिहायचं. घुमणाऱ्या हॉलमध्ये पहिली गडबड याच व्यंजनांची होते. सगळीकडे २२-२३ बरोबर आले तर खोली चांगली झाली. एखाद्याच कोपऱ्यात १५ आले तर तिथली भिंत, पंखा किंवा दार तपासा. मग हीच चाचणी माईक लावून, पंखे पूर्ण वेगात ठेवून घ्या. माईक लावल्यावर गुण कमी झाले तर स्पीकरची दिशा चुकली आहे.

हॉल मुलांच्या हातात द्या. आठवी-नववीतले चार-पाच जण दिवे आणि मिक्सर महिनाभरात शिकतात. सुरू करताना आधी मिक्सर आणि शेवटी ॲम्प्लिफायर, बंद करताना आधी ॲम्प्लिफायर, हा क्रम मिक्सरशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवा. प्रत्येक चॅनलवर पट्टी लावून नाव लिहा, वायरी वेटोळं करून हुकाला टांगा, आणि स्पीकरवाल्याने जुळवून दिलेल्या बटणांचा फोटो काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी हललेली असतात.